दिवे लागायच्या आत

मी बोलतोय तो लातूरच्या एका घरातल्या पुस्तकांच्या कपाटावरून. पुठ्ठ्याचा, गोंदाचा आणि रंगीत कागदाचा पृथ्वीगोल आहे मी, वय पन्नाशीच्या पुढचं. खऱ्या पृथ्वीला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला चोवीस तास लागतात. मला तसलं बंधन नाही. कुणी टिचकी मारली तर मी एका दमात आठ-दहा दिवस फिरून येतो, आणि कुणी नाहीच मारली तर वर्षभर एकाच दुपारी बसून राहतो.

माझं रूप आता बघण्यासारखं राहिलेलं नाही. माझ्या अंगावर असे काही देश आहेत, जे जगात उरलेले नाहीत. हिंदी महासागराला पोचा आलाय. आणि मराठवाडा जिथं असायला हवा तिथं एक काळपट डाग आहे, कारण शाळेतल्या प्रत्येक पोरानं ‘आपलं गाव कुठाय’ म्हणून तिथंच बोट टेकवलं. एकदा आपलं गाव सापडलं की पोरं खूश होऊन जाग्यावर जाऊन बसायची. बाकीच्या जगाची त्यांना काही घाई नसायची.

त्या काळपट डागाच्या मधोमध चुन्याचा एक पांढरा ठिपका आहे. तसाच दुसरा ठिपका पार तिकडं, न्यूयॉर्कवर. ते कुणी लावले आणि कशासाठी लावले, ते मला आज सांगायचं आहे. तिनं मला कुणापाशी बोलू नकोस म्हणून बजावलं होतं. पण आता बोललो तर ती रागावणार नाही, असं मला वाटतं.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या विषुववृत्तावर चिकटवल्या, वरून कागदाच्या पाकळ्या लावल्या, पोटातून लोखंडाची काडी घातली की झाली पृथ्वी तयार. मग लाकडी पेटी, पेंढा, आगगाडी, आणि बहात्तर सालच्या डिसेंबरात उदगीरचं स्टेशन. तिथं मला घ्यायला बैलगाडी घेऊन आले होते ज्ञानोबा गुरुजी. देवणीच्या अलीकडं दोन कोसांवर त्यांचं गाव, तिथल्या जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. बैल देवणी जातीचे, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे, एके काळी नक्कीच देखणे असणार. त्या दिवशी मात्र त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा होती.

वाटेत दुष्काळी काम चाललं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बाया खडी फोडत बसल्या होत्या. गाडी जवळ आली तशी एक बाई हातातला हातोडा खाली ठेवून उठली आणि तिनं विचारलं, “गुरुजी, पेटीत काय आनलंय?”

“पृथ्वी हाय, केवळाबाई. शाळेसाठी.”

“मंग जपून न्या. म्होरं लई खड्डे हायेत.”

माझी आणि केवळाबाईची ही पहिली गाठ. तिनं सांगितलं ते खोटं नव्हतं. पुढच्याच खड्ड्यात गाडी आदळली आणि माझी लोखंडी काडी वाकली. गुरुजींनी घरच्या छत्रीची काडी काढून माझ्या पोटात घातली. त्या वर्षी छत्री कुणालाच लागत नव्हती. तेव्हापासून आजतागायत मी छत्रीच्या काडीवर फिरतोय.

केवळाबाईची एकुलती एक लेक सिंधु तेव्हा सातवीत होती. नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेला. वर्गात मला पहिल्यांदा टेबलावर ठेवलं तेव्हा सगळी पोरं ‘आपलं गाव, आपलं गाव’ करत तुटून पडली. ही पोरगी मात्र हाताची घडी घालून उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, पृथ्वी सगळी निळीच हाय की. एवढं पानी हाय, मंग आपली हीर कोरडी कामून?”

गुरुजींनी समुद्र खारा असतो वगैरे सांगितलं. तिनं पुढं विचारलं, “मंग हिरीत येतं ते कुठून येतं? आन जातं कुठं?” गुरुजींनी डोकं खाजवलं आणि खरं ते सांगितलं, “मला ठाऊक नाही, सिंधु. तू शीक आणि मला सांग.” मला गुरुजी आवडायला लागले ते त्या दिवसापासून. माहीत नाही हे वर्गात उभं राहून सांगणारे मास्तर मी पुढं फार बघितले नाहीत.

दुष्काळ सरला आणि केवळाबाई शाळेत झाडलोट करायला, पाणी भरायला लागली. बौद्धवाड्यातल्या बाईनं शाळेचा रांजण भरायचा म्हटल्यावर गावात कुरबुर झाली. गुरुजी जमीनजुमला असलेल्या घरातले, त्यांच्याच भावकीतले दोघे-तिघे सांगायला आले. गुरुजींनी रांजणात तांब्या बुडवला, उभ्याउभ्या घटाघटा प्यायले आणि म्हणाले, “गार हाय. तुम्हाला पाहिजे का?” त्यानंतर त्या विषयावर शाळेच्या आवारात तरी कुणी बोललं नाही.

केवळाबाई रोज सकाळी शाळा उघडायच्या आधी यायची. वर्ग झाडून झाले की ओल्या फडक्यानं मला पुसायची आणि पुसता पुसता बोलायची. मला कान नाहीत हे तिला माहीत होतं, पण तिला बोलायला मी पुरत होतो. तिची सगळी हकीकत मला अशी सकाळच्या हप्त्याहप्त्यानं कळली.

तिचं माहेर लोह्याकडचं. तिथून इकडं बैलगाडीनं यायचं तर वाटेत दोन मुक्काम. त्या काळी आमच्या भागात लेक द्यायची ती एका दिवसाच्या वाटेवर. सकाळी गाडी जुंपली तर दिवे लागायच्या आत माहेरच्या दारात पोचली पाहिजे. केवळाबाईच्या बापानं तो रिवाज मोडला, लेक लांब दिली. पुढं तिची माय आजारी पडली, सांगावा आला, ही निघाली. तिसऱ्या दिवशी पोचली तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते.

“तोंड बगायला न्हाई गावलं,” ती मला पुसत म्हणायची. “माजी सिंधु म्या लांब देनार न्हाई. सकाळी निगाली तर दिवे लागायच्या आत माज्या दारात आली पायजे. बास.”

आणि ती शब्दाची पक्की होती. सिंधु उदगीरला शिकली, मग औरंगाबादेत. मुदखेडचं एक चांगलं स्थळ आलं, मुलगा रेल्वेत. केवळाबाईनं गुरुजींकडून अंतर विचारून घेतलं, गाड्यांच्या वेळा विचारल्या, मनातल्या मनात जुळवून बघितलं आणि सांगितलं, “न्हाई जमायचं. तिन्हीसांज टळून जाते.” सिंधुनं हसून मान डोलावली. तिला तेव्हा लग्नाची घाईही नव्हती.

मुदखेड ज्या बाईला लांब वाटलं, तिच्यापुढं अमेरिका कशी मांडायची, हा प्रश्न ब्याऐंशी सालच्या जुलैत ज्ञानोबा गुरुजींपुढं पडला. सिंधुचं औरंगाबादहून त्यांना पत्र आलं होतं. जमिनीखालच्या पाण्याच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्कच्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती, सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली होती. पाच वर्षं. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘आईला तुम्हीच समजावून सांगा. ती नाही म्हणाली तर मी जाणार नाही. तिच्या मनाविरुद्ध गेले तर माझं तिथं लक्ष लागणार नाही.’

केवळाबाईला वाचता येत नव्हतं. गुरुजींनी शाळा सुटल्यावर तिला बसवून घेतलं, पत्र वाचून दाखवलं आणि मला टेबलावर ओढलं. गोधडीचा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. दोरा सरळ पश्चिमेला न जाता वर रशियाकडं सरकला आणि उत्तरेच्या बर्फाजवळून खाली उतरला. पोरांना नेहमी नवल वाटायचं तसं केवळाबाईलाही वाटलं.

“हे असं वाकडं कामून?”

“वाकडं नाही. गोलावर हीच सगळ्यात जवळची वाट.”

मग त्यांनी दोरा तिच्या हातावर ठेवला. तिनं वीत लावून बघितलं. वीतभर आणि वर चार बोटं.

“चेष्टा करता व्हय गुरुजी? एवढीशी वाट आन तुमी मला बसवून सांगून राहिले?”

“साडेबारा हजार किलोमीटर आहे, केवळाबाई. म्हणजे धरा चार हजार कोस.”

ती दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “कोस नगं. येळ सांगा.”

सिंधुनं पत्रासोबत विमानाच्या वेळा लिहून पाठवल्या होत्या. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचलं, “मुंबईहून सकाळी सहाला विमान सुटतं. न्यूयॉर्कला पोचतं त्याच दिवशी दुपारी साडेतीनला.”

“त्याच दिशी?”

“त्याच दिवशी.”

“म्हंजे दिवे लागायच्या आत?”

आता इथं मला थोडं थांबून समजावून सांगितलं पाहिजे. कागदावरचं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण प्रवास साडेनऊ तासांचा नव्हता, मधल्या थांब्यासकट एकोणीस तासांचा होता. विमान पश्चिमेला जातं, सूर्यही पश्चिमेला जातो. दोघं एकाच दिशेनं चालले की दिवस लांबत जातो आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा मागं असतं. परतताना हेच सगळं उलटं होतं. संध्याकाळी तिकडून निघालं तर मुंबई येते ती तिसऱ्या तारखेला. वर मुंबईहून गावापर्यंतचा दिवस वेगळाच. हे गुरुजी दर वर्षी पाचवीच्या पोरांना कंदील लावून, मला फिरवून शिकवायचे. त्यांच्याइतकं हे गावात कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

गुरुजींनी चष्मा परत पुसला. “हो,” ते म्हणाले. “दिवे लागायच्या आत.” आणि त्यापुढं एक अक्षर बोलले नाहीत.

मला लाज वाटली. मला जर स्वतःहून फिरता आलं असतं तर मी तिथल्या तिथं उलटी गिरकी घेऊन दाखवली असती. पण गुरुजींचा चेहराही मला दिसत होता. दहा वर्षांपूर्वी ‘तू शीक आणि मला सांग’ म्हणून ज्या पोरीला वाट दाखवली, तिची वाट आता एका होकारावर अडली होती. खोटं ते बोलले नव्हते, खरं सांगायचं तेवढं गिळून बसले होते. माणसं आपल्या आवडत्या माणसासाठी असं करतात, हे मी नंतरही पाहिलं.

केवळाबाई त्या दिवशी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दोरा कनवटीला खोचून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली. आकाशात पावसाचे ढग होते पण पाऊस नव्हता, वर्गात अंधारून आलं होतं. तिनं झाडू कोपऱ्यात ठेवला. कपाटातून गुरुजींचा कंदील काढून पेटवला, स्टुलावर ठेवला आणि मला समोर घेतलं. नऊ वर्षं दाराशी उभी राहून तिनं गुरुजींचा तो पाठ ऐकला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चंचीतनं तिनं चुन्याची डबी काढली. ज्वारीचे दोन दाणे चुन्यानं माझ्या अंगावर चिकटवले, एक आमच्या गावावर आणि एक न्यूयॉर्कवर. न्यूयॉर्क कुठं ते तिनं आदल्या दिवशी दोऱ्याच्या टोकावरून बघून ठेवलं होतं.

मग ती मला फिरवायला लागली. गुरुजी फिरवायचे तसंच, हळू, पश्चिमेकडून पूर्वेकडं. आमचा दाणा उजेडात आला की तिकडचा अंधारात जायचा. तिनं डाव्या हाताचं बोट विमान केलं. बोट आमच्या गावावरून निघालं, मी फिरत राहिलो, बोट माझ्यावरून मागं मागं सरकत राहिलं आणि उजेडातच तिकडच्या दाण्यावर पोचलं. “अस्सं,” ती म्हणाली. मग बोट तिकडून निघालं. या खेपेला ते अंधारात शिरलं, उजेडात आलं, परत अंधारात शिरलं आणि मग कुठं आमच्या दाण्यावर टेकलं. तिनं तीनदा तसं करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच झालं.

ती खाली बसली. बराच वेळ बसली. कंदिलाची काच काळी व्हायला लागली तरी उठली नाही. मला वाटलं, आता ही गुरुजींच्या घरी जाणार आणि त्यांना चार शब्द सुनावणार. तसं तिनं केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

शेवटी ती उठली. दोन्ही दाणे नखानं काढून चंचीत टाकले, कंदील विझवून जागच्या जागी ठेवला. चुना तेवढा माझ्या अंगाला राहिला. माझ्यावर हात ठेवून ती म्हणाली, “गोल्या, कुनापाशी बोलू नकू बरं का.”

शाळा भरायच्या वेळेला गुरुजी आले. ती दारातच उभी होती.

“गुरुजी, दिवे लागायच्या आत पोचते म्हनलात न्हवं तुमी?”

“म्हणालो होतो,” गुरुजी खाली बघून म्हणाले.

“मंग जाऊ द्या तिला.”

माझ्या अंगावर साऱ्या जगाचे डोंगर आहेत, सगळ्यात उंच शिखरही आहे. पण त्या सकाळी दारात उभ्या असलेल्या बाईएवढं उंच मी काही पाहिलेलं नाही. हे मी मोठेपणानं बोलत नाही, मला तसं वाटलं म्हणून सांगतो.

त्याच ऑगस्टात आमचा जिल्हा बदलला. पंधरा तारखेला झेंडावंदन झालं, पोरांना पेढे मिळाले आणि गुरुजींनी जाहीर केलं की आपण आता उस्मानाबादचे नाही, लातूरचे. माझ्या पायावरचं ‘उ. जि. प.’ खरवडून तिथं ‘ला. जि. प.’ रंगवण्यात आलं. गावातले लोक म्हणायला लागले, बघा, आपण जाग्यावरून हललो नाही आणि जिल्हा निम्म्यानं जवळ आला. केवळाबाई मला पुसताना हसून म्हणाली, “सरकारनं अमेरिकाबी जरा अलीकडं सरकवावी.” त्याच आठवड्यात सिंधु गेली. जाण्याआधी शाळेत येऊन तिनं मला एक टिचकी मारली. मी खूप वेळ फिरत होतो.

त्यानंतरची चार वर्षं गुरुजींना जड गेली. सिंधुची पत्रं यायची, ते वाचून दाखवायचे. केवळाबाई ऐकायची आणि म्हणायची, “लांब न्हाईच म्हना की. दिवसाची तर वाट.” हे वाक्य आलं की गुरुजींचं तोंड उतरायचं. मला वाटतं ती मुद्दाम म्हणायची. थोडी गंमत तिलाही हवी असणार.

शहाऐंशी सालचा उन्हाळा आला तो परत दुष्काळ घेऊन. विहिरीच्या तळाशी वाटीवाटीनं पाणी भरावं लागे. मे महिन्यात एका सकाळी भरली घागर घेऊन वर येताना केवळाबाई पायरीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. उदगीरला प्लास्टर घालून तिला घरी आणलं, पण चौथ्या दिवशी ताप चढला आणि उतरेना. डॉक्टरांनी गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं, लेक असेल तर बोलावून घ्या.

सोमवारी सकाळी गुरुजींनी देवणीला जाऊन तार केली. आणि तिथून घरी न जाता ते शाळेत आले. सुट्टीमुळं शाळा बंद होती. त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरवर रबरी ट्यूबनं करकचून बांधलं आणि बौद्धवाड्यात केवळाबाईच्या घरी आणलं. एका खोलीचं घर, चुलीशेजारी बाज, बाजेवर ती. शेजारची धोंडाबाई उशाशी बसून कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होती.

“केवळाबाई,” गुरुजी म्हणाले, “चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला फसवलं. आता तुम्ही उद्या संध्याकाळी सिंधुची वाट बघाल आणि ती येणार नाही. म्हणून सांगायला आलोय. जायला दिवस लागतो, पण यायला...” त्यांनी मला बाजेच्या कडेवर टेकवलं. “हे बघा, हे न्यूयॉर्क,” म्हणून बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं. “इथं हे पांढरं काय लागलंय?”

“चुना हाय,” केवळाबाई म्हणाली. “म्याच लावलाय. तुमच्या कंदिलाफुडं फिरवून बगितलं होतं, तुमी सांगितल्याच्या दुसऱ्याच दिशी. यायला दोन दिवे लागतात, आन मुंबैपासून आनिक एक.”

गुरुजींनी माझ्यावरचं बोट उचललं. “ठाऊक होतं? मग हो कशाला म्हणालात?”

तिनं कपाळावरची पट्टी बाजूला केली. मग म्हणाली, “गुरुजी, म्या माज्या मायचं तोंड बगायला पोचले न्हाई, ते मला अजून सलतंय. खरं हाय. पर लेकीला माजं तोंड दिसावं म्हनून तिनं जगाचं तोंडच बगू नये, असं म्हनू का म्या? तुमी तिच्यासाठी गप बसले. म्याबी बसले.” मग म्हणाली, “आता तार करू नका. तिची परीक्षा आसंल.”

“सकाळीच केली,” गुरुजी म्हणाले.

केवळाबाईनं डोळे मिटले. मला वाटलं ती रागावली. पण तिनं धोंडाबाईचा हात धरला आणि सांगितलं, “धोंडे, आता ध्यान देऊन आईक. माजी लेक दारात येईस्तवर ह्या घरात दिवा लावायचा न्हाई. चिमनीबी न्हाई आन मेनबत्तीबी न्हाई.”

“अगं पर तिन्हीसांजंला घरात अंधार?”

“न्हाई म्हनलं नं.”

गुरुजी मला तिथंच विसरून गेले. त्यामुळं पुढचं सगळं मी बघितलं. सोमवारी संध्याकाळ झाली. वाड्यातल्या घराघरातून दिवे लागले, बुद्धाच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या आणि केवळाबाईच्या घरात काळोख राहिला. धोंडाबाई चाचपडत पाणी द्यायची, चाचपडत पट्टी बदलायची. मंगळवारी तसंच. त्या दिवशी ताप इतका होता की केवळाबाई आपल्या मायला हाका मारत होती. धोंडाबाईनं घाबरून काडेपेटी हातात घेतली. काडी ओढल्याचा आवाज होताच बाजेवरून शब्द आला, “इझीव.” तेवढ्या तापातही तिला तो आवाज कळला. धोंडाबाईनं रडत रडत काडी विझवली.

बुधवारी पहाटे घाम फुटला. ताप थोडा उतरला. संध्याकाळी गुरुजी येऊन अंधारातच बसले आणि अंधारातच उठून गेले.

गुरुवारी दिवस मावळला. दिवेलागण झाली. सात वाजून गेले, सगळा वाडा उजळला, पलीकडं कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या. बाहेर एक जीप थांबली. धावत येणारी पावलं दाराशी आली आणि अडखळली, कारण आत काहीच दिसत नव्हतं.

“माय?”

त्या एका शब्दात एवढी भीती होती की ती मी सांगू शकत नाही. अंधारलेलं घर बघून तिच्या मनात काय आलं असेल, ते कुणालाही कळेल. आपण उशिरा आलो, असंच तिला वाटलं.

“हाय मी,” बाजेवरून आवाज आला. “ये. उजव्या हाताला चूल हाय, जपून ये.”

सिंधु अंधारात रांगत बाजेपाशी पोचली. मायलेकींनी एकमेकींचं तोंड हातांनी चाचपून बघितलं. “माय, मला तीन दिवस लागले गं,” सिंधु हुंदके देत म्हणत होती. “तार मंगळवारी मिळाली. त्याच संध्याकाळचं विमान धरलं. तरी तीन दिवस लागले. दिवे लागून गेले गं माय.”

“कुठं लागलेत?” केवळाबाई म्हणाली. “बग की घरात. अजून कुठं लागलेत?”

धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. गुरुजी जीपच्या आवाजानं धावत आले होते, ते उंबऱ्यातच खाली बसले.

“येळंवर आली माजी लेक,” केवळाबाई म्हणाली. “सिंधे, आता लाव दिवा. मला तुजं तोंड बगू दे.”

सिंधुनं चिमणी पेटवली. मी तिथंच होतो, बाजेच्या पायाशी. माझ्या आयुष्यात मी कंदिलापुढं शेकडो वेळा दिवस उगवताना पाहिला होता. खरा दिवस उगवला तो त्या चिमणीच्या उजेडात.

केवळाबाई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली, थोडी लंगडत, पण तोऱ्यात. सिंधु परत जाऊन अभ्यास पुरा करून आली आणि लातूरलाच भूजलाच्या कामाला लागली. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, ते तिनं ज्ञानोबा गुरुजींना त्यांच्या ओट्यावर बसून समजावून सांगितलं. दर शनिवारी दुपारी ती एसटीनं गावी यायची. शेवटच्या दिवशी ती मायच्या उशाशी होती. तोंड बघायला मिळालं.

शाळेनं नवा गोल आणला तेव्हा मला मोडीत काढलं. सिंधुनं रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं. आता ती साठीच्या पुढं आहे आणि मी तिच्या कपाटावर आहे. तिची नातवंडं कुठलंही अंतर फोनवर बघतात. किती किलोमीटर, किती तास, सगळं हातात येतं. मला त्याचा राग नाही. फोन हुशार आहे, माझ्यापेक्षा खूप जास्त.

एक विनंती मात्र आहे. घरात कामाला येणारी नवी मुलगी मन लावून काम करते आणि परवा तिनं मला साबणाचं पाणी लावून घासायला घेतलं होतं. तिला कुणीतरी सांगा. पोचा निघत असेल तर काढा, डाग घासा, मोडलेले देश पुसून टाका. चुन्याचे ते दोन ठिपके तेवढे राहू द्या.